"जुन्या गाडीला कुठली गॅरंटी असती ओ?"
(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

मागच्या अंकात सेकंड हँड गाडीबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की यावेळी अख्खं सदर त्यालाच दिलंय. जवळजवळ सगळी पत्रं दोन लाखांच्या आतबाहेरच्या गाड्यांची आहेत. म्हणजे भिशी उचलून, सोनं ठेवून, पोरीच्या नावाची पावती मोडून घेतलेल्या गाड्या. वीस लाखाची गाडी घेणारा शोरूममध्ये जाऊन भांडतो, दीड लाखाची घेणारा मात्र "आपलंच चुकलं" म्हणून गप्प बसतो, आणि मला सगळ्यात जास्त वाईट याचंच वाटतं. मी वकील नाहीये, पण बरीच वर्षं लोकांना तक्रारअर्ज लिहून द्यायचं काम करतेय, त्यातून जे माहिती आहे ते सांगते. नावं कुणाचीच दिलेली नाहीत, ना वाचकांची ना विकणाऱ्यांची.

प्रश्न : ताई, मी सोलापुरात विडी घरकुल भागात राहतो, टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. आईला डायलिसिसला न्यावं लागतं म्हणून एका गाडीच्या डीलरकडून २०१२ मॉडेलची छोटी पेट्रोल गाडी १ लाख ८५ हजारला घेतली. तो म्हणाला सिंगल हँड आहे, ६२ हजार किलोमीटर फिरलीय, इंजिनला हात लावायचं काम नाही. ५० हजार फोनवरून पाठवले, बाकी १ लाख ३५ हजार रोख दिले. अठराव्या दिवशी निळा धूर मारायला लागली. मेकॅनिक म्हणाला ऑइल खातेय, इंजिनचं काम निघेल, ४५ हजार तरी धरा. मग दाराच्या कडेला आत एक अर्धवट फाटलेला सर्व्हिसचा स्टिकर दिसला, त्यावर पेनाने लिहिलंय नेक्स्ट सर्व्हिस १,२४,०००. डीलरला दाखवला तर म्हणतो, "जुन्या गाडीला कुठली गॅरंटी असती ओ? बघून घेतलाव की." आता काय करू?

उत्तर : दादा, सगळ्यात आधी एक सांगते, गाडी आत्ता उघडू नका. मेकॅनिक कितीही ओळखीचा असला तरी इंजिन खोललं की पुरावा गेला, मग डीलर म्हणणार तुमच्याच माणसाने बिघडवली. आईला न्यायची अडचण मला कळतेय, पण महिनाभर रिक्षा करा, तिच्या पावत्या ठेवा, तो खर्चही मागता येतो.

आता "जुन्या गाडीला गॅरंटी नसते" हे वाक्य. हे निम्मं खरं आहे म्हणूनच लोक फसतात. कंपनीची वॉरंटी संपलेली असते हे बरोबर, आणि बारा-तेरा वर्षांच्या गाडीची क्लचप्लेट, बॅटरी, टायर, सस्पेन्शन गेलं तर ती झीज आहे, त्यासाठी कुणी तुम्हाला पैसे देणार नाही आणि मागूही नयेत. पण खोटं सांगून विकायची परवानगी जुन्या गाडीलाही नाहीये. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात माल नवा असला तरच ग्राहक असं कुठेही लिहिलेलं नाही. व्यापाऱ्याने मालाच्या दर्जाबद्दल खोटं सांगणं ही त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेलीच नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं, हीसुद्धा. तुमचा धूर अठराव्या दिवशी निघालाय, म्हणून हातातले उरलेले दिवस वाया घालवू नका, आजच त्याला लेखी कळवा. व्हॉट्सअपवर कळवलं तरी चालेल, पण लेखी हवं. फोनवर भांडलेलं कुठेच दिसत नाही.

"बघून घेतलाव की" याचंही उत्तर आहे. मालविक्रीचा कायदा १९३० चा आहे, त्यात घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावं असाच मूळ नियम आहे, पण जो त्याच मालाचा धंदा करतो त्याच्यावर माल विकण्यालायक असण्याची जबाबदारी येते. तुम्ही माल तपासला असेल तर तपासून जे दिसायला हवं होतं त्याची तक्रार करता येत नाही. म्हणजे पत्र्याला पोचा होता, टायर गुळगुळीत होते, ते तुमच्याकडे लागलं. मीटर मागे फिरवलेला मात्र डोळ्यांनी दिसत नाही, आणि इथे तुमचं सगळं प्रकरण उभं आहे. फक्त धुराबद्दल भांडलात तर तो म्हणेल जुनी गाडी आहे, धूर मारणारच. तुम्ही मीटरबद्दल भांडा. १ लाखाच्या पुढे फिरलेली गाडी ६२ हजारची म्हणून विकली, हे एक वाक्य नीट सिद्ध झालं की बाकीचं त्याच्यामागे येतं.

त्यासाठी काय जमवायचं ते सांगते. त्या स्टिकरचा फोटो काढा, जवळून एक आणि दार, नंबरप्लेट दिसेल असा लांबून एक. स्टिकर काढू नका, त्याला धुवू पण नका. मग त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला आरसी घेऊन जा आणि सर्व्हिस हिस्ट्री मागा, प्रत्येक वेळी गाडी आली तेव्हा किलोमीटर किती होते ते त्यात असतं. तोंडी सांगितलं तर प्रिंट मागा, नाही दिली तर ईमेल करून मागा, नकार आला तरी तो नकार लेखी असू दे. मेकॅनिककडून कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या, त्याला इंजिन खोलावं लागत नाही, आणि आकडे त्याच्या लेटरहेडवर किंवा निदान बिलबुकावर सही-शिक्क्यासकट घ्या. डीलरने गाडीची जाहिरात ऑनलाइन टाकली असेल तर तिचा स्क्रीनशॉट आजच, कारण तक्रार आली की पहिलं काम जाहिरात उडवायचंच करतात. मोबाइलमधले मेसेज, व्हॉइस नोट काहीही डिलीट करू नका, फोन बदलू नका. पुढे हे दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, अवघड नाही, आत्ता फक्त मूळ फोन जपा.

रोख दिलेले १ लाख ३५ हजार ही तुमची कच्ची बाजू आहे. तरी हातपाय गाळू नका. त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी बँकेतून काढलेले असतील तर पासबुकात नोंद आहे, भिशीतले असतील तर भिशीवाल्या बाईंचं साधं प्रतिज्ञापत्र चालतं, पैसे मोजताना सोबत कोण होतं त्याचंही. त्याने पॅडवर काही चिठ्ठी दिली असेल, नुसता गाडीचा नंबर आणि आकडा असला तरी, ती लॅमिनेट करू नका, झेरॉक्स काढून मूळ प्रत वहीत ठेवा.

मग नोटीस. वकिलाचीच लागते असं काही नाही. साध्या कागदावर मराठीत लिहा : अमुक तारखेला अमुक नंबरची गाडी आपणाकडून १,८५,००० रुपयांस घेतली, आपण ती ६२ हजार किलोमीटर फिरलेली व इंजिन निर्दोष असल्याचे सांगितले, प्रत्यक्षात सर्व्हिस नोंदीनुसार अमुक तारखेलाच ती इतके किलोमीटर फिरलेली होती, सबब १५ दिवसांत गाडी परत घेऊन रक्कम द्यावी अथवा दुरुस्तीचा खर्च व नुकसानभरपाई द्यावी, अन्यथा ग्राहक आयोगात जावे लागेल. बस्स एवढंच. शिव्या नाहीत, "तुम्हाला बघून घेईन" नाही, कारण हाच कागद पुढे आयोगासमोर जातो. पूर्वी आपण रजिस्टर एडी करा म्हणायचो, १ सप्टेंबर २०२५ पासून पोस्टाने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्येच मिसळून टाकलंय, तेव्हा स्पीड पोस्टच करा आणि पोचल्याचा पुरावा मागून घ्या. घेतलं नाही, परत आलं, तरी तो बंद लिफाफा तसाच ठेवा, फोडू नका. मधल्या काळात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवा, मराठीतही बोलता येतं, त्यांना निकाल द्यायचा अधिकार नाही पण तक्रार क्रमांक मिळतो.

पंधरा दिवसांत काही झालं नाही तर आपल्या सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात. डीलर पुण्याचा असो की लातूरचा, तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, ही २०१९ च्या कायद्याने दिलेली फार मोठी सोय आहे आणि अजून निम्म्या लोकांना ती माहितीच नाही. जिल्हा आयोगात ५० लाखांपर्यंत दिलेल्या किमतीच्या तक्रारी चालतात, आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य. वकील लावलाच पाहिजे असं नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, पण दोन वर्षं आहेत म्हणून दीड वर्ष थांबलेल्या माणसाची तक्रार वाचणाऱ्यालाही ढिली वाटते. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते.

खरं सांगायचं तर वेळ लागतो. कायद्यात तीन महिने, तपासणी करावी लागली तर पाच महिने असं लिहिलंय, पण तारखा पडतात आणि त्याहून जास्त जातात. म्हणून मागणी मापात ठेवा. गाडी परत घेऊन पैसे, किंवा इंजिनचा खर्च, शिवाय रिक्षाचे, त्रासाचे आणि तक्रारीच्या खर्चाचे थोडे. १ लाख ८५ हजारच्या गाडीवर १० लाख मागणाऱ्यांचे अर्ज मी पाहिलेत, त्याने मूळ खरी मागणीसुद्धा हलकी होते. आयोगाकडून मध्यस्थीला पाठवलं तर जा, नाही म्हणू नका, माझ्या पाहण्यात डीलर लोक बऱ्याचदा तिथेच नमतात. आणि आदेश झाल्यावरही पैसे दिले नाहीत तर त्याच कायद्यात एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५ हजार दंड, किंवा दोन्ही आहे, तेव्हा "आदेश होऊन काय उपयोग" असं जे लोक म्हणतात त्यांचं ऐकू नका.

प्रश्न : मी जुळे सोलापूरला राहते, शिक्षिका आहे. ऑनलाइन जाहिरात बघून एका गृहस्थांकडून गाडी घेतली, "घरची वापरलेली, डीलर नाही" असं लिहिलं होतं. महिन्यात गिअरबॉक्स गेला. ग्राहक आयोगात जाता येईल का?

उत्तर : ताई, खरोखरच घरची गाडी असेल तर नाही, किंवा निदान अवघड. ग्राहक कायदा हा धंदा करणाऱ्याच्या विरोधात आहे, आयुष्यात एकदा आपली गाडी विकणारा माणूस व्यापारी होत नाही. मग उरतो १८७२ चा करार कायदा. त्याने माहीत असून लपवलं, खोटं सांगितलं हे दाखवता आलं तर व्यवहार रद्द करता येतो, भरपाई मागता येते, पण ते दिवाणी कोर्टात, वकील लावून, आणि "त्याला माहीत होतं" हे तुम्हाला सिद्ध करायचं. मुद्दाम फसवलं असेल, म्हणजे दुसऱ्याची गाडी विकली, कागद खोटे दिले, तर पोलीस, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, पूर्वीचं आपलं ४२०.

पण तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला खटकली. तुम्ही लिहिलंय की आरसीवर नाव त्यांचं नव्हतं, "मेव्हण्याचं" होतं, आणि मेव्हणे तुम्हाला भेटलेच नाहीत. मग तो गृहस्थ आहे की डीलर? त्यांचा मोबाइल नंबर त्याच साइटवर टाकून बघा, तेवढ्याच नंबरवर अजून तीन-चार गाड्या दिसल्या तर ते गृहस्थ नाहीत, घरची गाडी म्हणून धंदा करणारे आहेत, आणि मग ग्राहक आयोगाचं दार उघडतं. स्क्रीनशॉट काढताना तारीख-वेळ दिसू द्या.

इथे सगळ्यांसाठीच सांगते. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं, ते पाच वर्षांसाठी असतं. मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिली की फॉर्म २९-सी ऑनलाइन भरायचा, मग कागदावर डीलरच मालक धरला जातो, आणि ती गाडी त्याने ट्रायल, दुरुस्ती, तपासणी असल्या कामांपुरतीच रस्त्यावर आणायची. म्हणून गाडी बघायला गेलात की पहिला प्रश्न "किती अॅव्हरेज देते" हा नको, "तुमचं अधिकारपत्र दाखवा" हा हवा. आपल्याकडे दोन झाडांखाली चार गाड्या लावून बसलेल्यांपैकी किती जण दाखवतील ते तुम्हीच बघा, आणि जो दाखवेल त्याच्याकडे पाच हजार जास्त द्यावे लागले तरी द्या असं माझं मत आहे.

प्रश्न : मी बार्शीचा, वय ६८. २०२२ मध्ये माझी जुनी गाडी सोलापूरच्या एका एजंटला विकली, फॉर्मवर सह्या केल्या, पैसे मिळाले. गाडी अजून माझ्याच नावावर आहे आणि पुण्यातले चलान माझ्या मोबाइलवर येतात. एजंट फोन उचलत नाही. घेणाऱ्याचं सोडा, विकणाऱ्याला काही हक्क आहेत का?

उत्तर : काका, हक्काआधी धोका सांगते, कारण चलान ही किरकोळ गोष्ट आहे. त्या गाडीने उद्या कुणाला उडवलं आणि इन्शुरन्स नसला तर भरपाई तुमच्या दारात येऊ शकते. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच ठरवलंय. गाडी हातोहात फिरून भलत्याकडेच गेलेली होती, पण रजिस्टरवर नाव पहिल्या मालकाचं, म्हणजे विजय कुमारचंच, म्हणून जबाबदारीही त्याच्यावर. विजय कुमारनेही गाडी विकून पैसे घेतलेले होतेच.

कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देणं हीच यातली चूक आहे, आणि आपल्याकडे हे इतकं सर्रास चालतं की लोकांना ती चूक वाटतच नाही. एजंट तो सहीचा फॉर्म २९ आणि ३०, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म, तसाच फाइलमध्ये ठेवतो, नावावर करायचा खर्च वाचवतो, आणि पुढचं गिऱ्हाईक मिळालं की त्याचं नाव टाकतो. मोटार वाहन कायद्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आहे, गिऱ्हाईक परराज्यातलं असेल तर ४५ दिवस, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा आहे. म्हणजे कळवायची जबाबदारी तुमचीपण होती काका, ती त्याच्यावर सोडून चालत नाही.

आता करायचं ते असं : विकल्याचा जो कागद असेल, पैसे खात्यात आल्याची नोंद असेल, ते जोडून सोलापूर आरटीओला लेखी अर्ज द्या की गाडी अमुक तारखेला अमुक इसमाला विकली आहे, आणि पोच घ्या. तीच प्रत जोडून पोलीस ठाण्यात अर्ज. चलानवर फोटो असतो, ठिकाण असतं, ते सगळे डाउनलोड करून ठेवा, गाडी रोज कुठल्या रस्त्याने जाते ते त्यातून कळतं, त्याचा पत्ता काढायला पोलिसांना उपयोग होतो. ई-चलानच्या साइटवर तक्रार नोंदवायची सोय आहे, तिथे विक्रीचा कागद जोडा. आणि एमपरिवहन या सरकारी अॅपवर इन्शुरन्स चालू आहे का ते बघा. संपलेला असेल तर तो धोका तुमचा आहे हे अर्जात ठळक लिहा, त्यावर जरा हालचाल होते.

ज्यांनी गाडी घेतलीय त्यांच्यासाठीही यात एक गोष्ट. नावावर झाली म्हणजे इन्शुरन्स झाला असं नाही. थर्ड पार्टी भाग गाडीबरोबर येतो, पण कंपनीला १४ दिवसांत कळवायचं असतं, आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग तुमच्या नावाने करून घेतला नाही तर क्लेमच्या वेळी हात हलवत यावं लागतं. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नसतो.

प्रश्न : विजापूरहून केए-२८ पासिंगची गाडी चाळीस हजार स्वस्त मिळतेय. घेऊ का? – अक्कलकोट

उत्तर : चाळीस हजार आधी कागदावर मांडून बघा. तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, इथला एकरकमी रोड टॅक्स नव्याने, नंबर बदलायचा, आणि तिकडचा भरलेला टॅक्स परत मिळवायला तिकडेच हेलपाटे. परराज्याची गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर इथला नंबर घ्यावाच लागतो, "सगळे चालवतात" हे कारण चालत नाही. एनओसी विकणाऱ्यानेच काढून द्यायची, आणि ती हातात येईपर्यंत पूर्ण पैसे द्यायचे नाहीत, एवढी अट मान्य असेल तर पुढे जा.

प्रश्न : मागच्या पावसात सीना नदीच्या पुरात गेलेल्या गाड्या बाजारात आल्यात असं ऐकतो. ओळखायच्या कशा? – मोहोळ

उत्तर : ऐकता ते मलाही खरं वाटतं. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेचं पाणी किती चढलं ते तुमच्या तालुक्याला मी सांगायला नको. पाण्यात गेलेली गाडी धुवून, पॉलिश करून, सेंट मारून उभी केली की नवीन दिसते.

गेल्या दिवाळीत माझ्या भावासाठी गाडी बघायला गेलो होतो. बाहेरून इतकी चकाचक की भाऊ तिथेच टोकन द्यायला निघाला. मी ड्रायव्हर सीटचा बेल्ट ओढला, थोडा नाही, पार शेवटपर्यंत, जिथून कधीच कुणी ओढत नाही तिथपर्यंत. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातीची सरळ रेघ होती, आणि खालचा भाग हाताला कडक लागत होता, वाळलेल्या फडक्यासारखा. मग सीट मागे सरकवली तर खालच्या रुळांचे बोल्ट गंजलेले. डिकीतली स्टेपनी उचलली तर खाली बारीक गाळ, वाळून भेगा पडलेला. त्या माणसाला विचारलं तर म्हणाला धुताना गेली असेल माती. आम्ही निघून आलो. ते पैसे वाचले म्हणून आज भावाकडे दुसरी गाडी आहे.

तेव्हा बेल्ट, सीटचे बोल्ट, स्टेपनीची जागा, हेडलाइटच्या आतला ओलावा, पायाखालच्या कार्पेटची कड उचलून वास. एसी चालू करून पहिला झोत कसा येतो तेही बघा. गाडीत नको इतका सुवास असेल तर काचा बंद करून दहा मिनिटं उन्हात बसा, आपल्या सोलापूरच्या उन्हात जो काही वास असेल तो बाहेर येतोच. पाणी इंजिनपेक्षा वायरिंगला जास्त मारतं, ते लगेच कळत नाही, सहा महिन्यांनी एकेक सेन्सर मरायला लागतो, म्हणून हे घेतानाच धरावं लागतं.

आणि बघून झाल्यावरही लिहून घ्या. स्टॅम्पपेपर केलात तर उत्तमच, नाहीतर साध्या कागदावर दोघांच्या सह्या आणि एक साक्षीदार : "सदर गाडी पुरात वा पाण्यात बुडालेली नाही, मोठा अपघात झालेला नाही, मीटरमध्ये फेरफार केलेला नाही, आजचे किलोमीटर इतके, गाडीवर कर्ज वा चलान बाकी नाही, यातील काही खोटे निघाल्यास रक्कम परत करण्यास मी बांधील आहे." ज्याची गाडी सरळ आहे तो दोन मिनिटांत सही करतो. जो "एवढा विश्वास नाही का आमच्यावर" म्हणून चिडतो त्याच्याकडून घेऊ नका, इतकं सरळ सांगते.

प्रश्न : माझी गाडी मी भाडी मारायला विकत घेतली होती. डीलरचा वकील म्हणतो तुम्ही धंद्यासाठी घेतली, तुम्ही ग्राहकच नाही. – जुना पुणे नाका

उत्तर : तुम्ही स्वतः चालवता, त्यावरच घर चालतं, तर तुम्ही ग्राहक आहात. स्वतःच्या पोटासाठी स्वयंरोजगार म्हणून घेतलेला माल कायद्याने धंद्याच्या खरेदीतून वगळलाय. तक्रारीत हे वाक्य पहिल्याच परिच्छेदात टाका आणि लायसन्सची प्रत जोडा. चार गाड्या घेऊन ड्रायव्हर ठेवले असते तर गोष्ट वेगळी होती.

प्रश्न : १० हजार टोकन दिलं, नंतर कळलं गाडीवर फायनान्सचा बोजा आहे. डीलर म्हणतो टोकन परत मिळत नाही. – होटगी रोड

उत्तर : बोजा त्याने आधी सांगितला होता का? नसेल तर व्यवहार तुमच्यामुळे मोडलेला नाही, त्याच्यामुळे मोडलाय, टोकन परत मिळायला हवं. एमपरिवहनवर त्या नंबरची माहिती काढा, आरसीवर कर्जाची नोंद दिसेल, तिचा स्क्रीनशॉट आणि टोकनची पावती जोडून वर पहिल्या उत्तरात दिलीय तशीच नोटीस पाठवा, फक्त मुदत सात दिवसांची द्या. गाडी तरीही हवीच असेल तर बँकेची एनओसी आणि विकणाऱ्याच्या व बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ तुमच्या हातात आल्याशिवाय एक रुपयासुद्धा पुढे देऊ नका. आणि एनओसीवरची तारीख बघा, सहसा ती तीनच महिने चालते, जुनी एनओसी दाखवून वेळ काढणारे बरेच भेटतात.